जिल्ह्याची पैसेवारी
(लेखक : एक निवृत्त महसूल कारकून)

परभणीविषयीं दोन म्हणी लोकांच्या तोंडीं आहेत. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही एक, व ‘जगांत जर्मनी, भारतांत परभणी’ ही दुसरी. पहिलीचा अर्थ कोणी असा करितात कीं, अन्यत्र नशीब न फळलेल्या मनुष्यास येथें पोट भरतां येतें. कोणी ती निव्वळ हेटाळणीनें म्हणतात. दुसरी म्हण थोरवीची खरी, परंतु ती म्हणणारा स्वतःच हंसत असतो. दोहोंवरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपल्या जिल्ह्याविषयीं गंभीरपणें चांगलें बोलण्याची संवय आपणांस उरलेली नाहीं. बाहेरगांवचा पाहुणा ‘येथें पाहण्यासारखें काय आहे?’ असें विचारतो, तेव्हां ‘येथें काय असणार!’ असें म्हणून आपण त्यास औंढ्याच्या किंवा परळीच्या मोटारींत बसवून देतों.

महसूल खात्यांत पैसेवारी म्हणून एक काम असतें. गांवांतील निवडक शेतांत पीककापणी करावयाची, आलेलें उत्पन्न प्रमाण उत्पन्नाशीं ताडून पाहावयाचें, आणि तें पन्नास पैशांच्या आंत निघालें म्हणजे त्या गांवीं टंचाई आहे असें समजावयाचें. या कामाची शिस्त अशी कीं, पीक कापून वजन केल्यावांचून आंकडा भरावयाचा नसतो. आपण मात्र आपल्या जिल्ह्याची पैसेवारी शेत न पाहतांच लावून टाकली आहे, व तीहि पन्नासाच्या आंत! ही कापणी पुन्हां एकवार नीट करून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे. हा प्रश्न करमणुकीचा नसून आपल्या मिळकतीचा आहे, हें पुढील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

प्रथम हद्द निश्चित करूं. १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हां औंढ्याचें नागनाथाचें देवस्थान, नामदेवांचें नर्सी आणि वसमतची हळदीची पेठ हीं तिकडे गेलीं. तेव्हांपासून ‘आमच्यापाशीं उरलेंच काय’ असें म्हणण्याचा प्रघात पडला. उरले ते परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा हे नऊ तालुके, आणि गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांचीं खोरीं. वांटणींत भावाकडे गेलेल्या बैलाबद्दल हळहळत बसणारा शेतकरी आपल्या वांट्यास आलेल्या जमिनीची मशागत विसरतो, तशांतला हा प्रकार आहे.

आतां या वांट्यास काय आलें तें पाहूं. ज्यांनीं सात-बाराचे उतारे वाचले आहेत त्यांस ‘पोटखराबा’ हा शब्द ठाऊक आहे. शेतांतील जो भाग लागवडीस निरुपयोगी, त्याची नोंद या सदराखालीं होते. नाला, वाट, खडक, पडकी विहीर हीं सर्व त्यांत येतात. आपल्या कित्येक गांवच्या प्राचीन बारवा याच सदरांत पडून राहिल्या. आकारणीस त्यांचा उपयोग नव्हता, म्हणून दप्तरास त्यांची किंमत नव्हती. आणि दप्तरांत किंमत नाहीं म्हणून गांवानेंहि त्यांत कचरा टाकला. परंतु सेलू तालुक्यांतील वालूर येथें गांवकऱ्यांनीं गाळ व कचरा यांनीं बुजलेली आपली चक्राकार पायऱ्यांची बारव श्रमदानानें मोकळी केली, आणि दूरदूरची मंडळी ती पाहावयास येऊं लागली. सन २०२२ मध्यें टपाल खात्यानें महाराष्ट्रांतील निवडक बारवांचीं चित्रें पोस्टकार्डांवर छापलीं, त्यांत आपल्या जिल्ह्यांतील बारवांस स्थान मिळालें. ज्या वस्तूची नोंद आपण खराब्यांत केली, तिचें चित्र देशभर गेलें. यावरून आंकडा भरणाराची नजर चुकते, वस्तु खराब नसते, एवढें सिद्ध होतें.

हीच गोष्ट देवळांची. जिंतूर तालुक्यांतील चारठाणें हें गांव म्हणजे देवळांचेंच गांव आहे. तेथील कोरीव खांब, उंच स्तंभ व बारव पाहिली म्हणजे सात-आठशें वर्षांमागें या मुलखांत किती समृद्धि असावी याची कल्पना येते. जिंतुराजवळ नेमगिरीच्या डोंगरांत जैनांचीं गुहामंदिरें आहेत. तेथील पार्श्वनाथाची भव्य मूर्ति लहानशा दगडावर तोललेली आहे, व ती पाहाण्यास दूरवरून यात्रेकरू येतात. गंगाखेड तालुक्यांत गोदावरीकांठीं धारासूर येथें गुप्तेश्वराचें देऊळ आहे. पाथरी तालुक्यांत मुद्गल येथें मुद्गलेश्वराचें स्थान गोदावरीच्या पात्रांतच आहे. पोखर्णीस नृसिंह आहे. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमि. दळण-कांडण करणाऱ्या एका दासीनें मराठी भाषेस किती मोठें देणें दिलें हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल, त्यानें त्या घाटावर एकदां उभें राहावें. पाथरी हें साईबाबांचें जन्मस्थान मानणारे भाविक पुष्कळ आहेत. सन २०२० च्या आरंभीं पाथरीच्या विकासासाठीं शंभर कोटि रुपयांची घोषणा झाली, तेव्हां शिर्डीकरांनीं बंद पाळला होता. त्या वादांत आपणांस पडावयाचें नाहीं. मात्र ज्या गांवाच्या नांवानें दुसऱ्या गांवचा बाजार बंद राहातो, त्या गांवास ‘तेथें काय असणार’ असें म्हणणें शोभत नाहीं. परभणी शहरांत तुराबुल हक साहेबांचा दर्गा आहे. तेथील उरूस फेब्रुवारी महिन्यांत भरतो व त्यास हिंदु-मुसलमान दोघेहि येतात.

देवळें व दर्गे झाले. आतां धंदे पाहूं, कारण शेतकऱ्याच्या मासिकांत खरा विषय तोच. मानवत व सेलू या कापसाच्या नांवाजलेल्या पेठा आहेत. शहरांतील मनुष्य जन्मभर सुती कापड वापरतो, पण रुई व सरकी वेगळी कशी होते, गांठ कशी बांधतात, हें त्यानें कधीं पाहिलेलें नसतें. आपल्याला त्यांत नवल वाटत नाहीं, म्हणून दुसऱ्यासहि वाटणार नाहीं असें आपण धरून चालतों. परभणीस १८ मे १९७२ रोजीं कृषि विद्यापीठ स्थापन झालें. त्यास आज वसंतराव नाईक यांचें नांव आहे. दरवर्षीं १८ मेस खरिपाचा व १७ सप्टेंबरास रब्बीचा शेतकरी मेळावा तेथें भरतो. ‘परभणी मोती’ व ‘परभणी शक्ती’ हीं ज्वारीचीं वाणें तेथील आहेत. यांपैकीं ‘परभणी शक्ती’ सन २०१८ मध्यें प्रसारित झालें, व तें लोह व जस्त अधिक असलेलें म्हणून प्रसिद्धीस आलें. हुरड्यासाठीं ‘परभणी वसंत’ हें वाण आहे. करडईचें ‘परभणी कुसुम’ आहे. ज्या गांवाचें नांव बियाण्याच्या पिशवीवर छापून इतरत्र जातें, त्या गांवीं त्या वाणाची भाकरी विकत मिळण्याचें एकहि नांवाजलेलें ठिकाण नसावें, ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे.

एकट्या करडईचा हिशेब पाहा. लांकडी घाण्यावर सामान्यतः चार किलो करडईपासून सुमारें एक किलो तेल निघतें, व पेंड जनावरांस होते. करडई पोत्यानें विकणारा शेतकरी त्या दिवसाचा भाव घेऊन घरीं येतो. तेलाचा, पेंडीचा व घाण्याच्या मजुरीचा पैसा दुसऱ्या गांवीं राहातो. पुढें तेंच तेल तो दुकानांतून बाटलींत विकत घेतो. तुरीच्या डाळीची, ज्वारीच्या पिठाची व कापसाची कथा याहून निराळी नाहीं. आपण कच्चा माल पाठवितों व पक्का आणितों. मधला नफा रेल्वेंत बसून निघून जातो. पावसानें दगा दिला किंवा सोयाबीन-कापसाचा भाव पडला, कीं घरांत दुसरा आधार राहात नाहीं. कर्जापायीं मराठवाड्यांतील घराघरांवर जें संकट आलें आहे, तें वाचकांस सांगावयास नको. म्हणून गांवीं आलेल्या मनुष्यास गांवचाच पक्का माल गांवांतच विकणें हा त्यावर एक उपाय आहे. तो सर्व दुःखांवरील रामबाण आहे असें कोणीहि समजूं नये. पण दोन पिकांच्या जोडीस तिसरें लहानसें उत्पन्न असलें, तर पडत्या वर्षीं तेवढाच हात मिळतो.

‘पण माणसें येणार कोठून?’ असा प्रश्न साहजिकच निघेल. उत्तर असें कीं, माणसें येतच आहेत. फक्त उतरत नाहींत. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यास जाणारे शीख यात्रेकरू अमृतसरहून सचखंड गाडीनें आपल्याच स्टेशनावरून पुढें जातात. परळीच्या वैजनाथास जाणारी रेल्वे परभणीस फुटते, आणि तिच्याच वाटेवर पोखर्णी व गंगाखेड हीं स्टेशनें आहेत. औंढा एका बाजूस व परळी दुसऱ्या बाजूस, आणि दोहोंच्या मध्यें परभणी आहे. शेगांवच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपुरास जातांना परभणी-गंगाखेडच्या मार्गानेंच जाते. उद्यां समृद्धि महामार्गास जोडणारा जालना-नांदेड द्रुतगति मार्गहि आपल्या जिल्ह्यांतून जावयाचा आहे. जुन्या रस्त्यावरचा प्रवासी निदान चहास तरी थांबत असे. द्रुतगति मार्गावरचा तेवढाहि थांबणार नाहीं. रस्ता जितका सुधारेल तितकें वाटेवरचें गांव ओलांडून जाणें सोपें होईल. म्हणून थांबण्यास कांहीं कारण आजच निर्माण केलें पाहिजे.

या बाबतींत दूरच्या एका कापूसमुलखाचें उदाहरण घेण्याजोगें आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागांत मिसिसिपी नांवाचें राज्य आहे. तेथील नदीकांठची काळी, सपाट जमीन म्हणजे कापसाचें आगर. तेथें क्लार्क्सडेल नांवाचें एक लहान गांव आहे. सन १९४४ मध्यें त्या गांवाजवळच्या एका मळ्यांत पेरणीपासून गांठ बांधण्यापर्यंत कापसाचें सगळें पीक यंत्रांनीं काढून दाखविण्यांत आलें. अशीं यंत्रें पसरत गेलीं तशी कापूस वेचणाऱ्या काळ्या मजुरांची गरज संपली, व हजारों माणसें उत्तरेकडील शहरांत निघून गेलीं. गांव ओस पडूं लागलें. परंतु त्याच मजुरांनीं शेतांत गाइलेलें एक दुःखाचें गाणें जगभर गाजलें होतें. त्यास तिकडे ‘ब्लूज’ म्हणतात. सन १९७९ मध्यें गांवच्या सार्वजनिक वाचनालयानें पुढाकार घेऊन त्या गाण्याचें संग्रहालय काढलें, आणि पुढें रेल्वेचें जुनें मालधक्क्याचें घर त्यास मिळालें. आज तें संग्रहालय पाहाण्यास व तें गाणें ऐकण्यास परदेशांतून माणसें त्या आडगांवीं जातात, तेथेंच जेवतात व तेथेंच राहातात. आरंभ सरकारनें केला नाहीं कीं सावकारानें केला नाहीं, वाचनालयानें केला, हें विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

त्याच उदाहरणांत एक इशाराहि आहे. जेथें कुळें दारिद्र्यांत दिवस काढीत असत, त्या लांकडी झोपड्यांतून आतां प्रवासी पैसे भरून हौसेनें राहातात. गरिबीचें असें प्रदर्शन आपणांस मांडावयाचें नाहीं. पाहुण्यासमोर आपल्या मुलांना फाटके कपडे घालून उभें करणें, किंवा न नेसणारी नऊवारी फोटोपुरती नेसविणें, हा धंदा नव्हे, सोंग आहे. आपण आपलें नेहमींचें काम करीत असावें, तें पाहुण्यानें पाहावें, आवडलें तर विकत घ्यावें. त्यांत मिंधेपणा असतां कामा नये.

आणखी दोन आक्षेप विचारांत घेतले पाहिजेत. पहिला असा कीं, शेतकऱ्यानें शेती करावी कीं लोकांस शेत दाखवीत बसावें? आक्षेप वाजवी आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हे हुरड्याचे दिवस, आणि त्याच सुमारास कापूसवेचणीचीहि धांवपळ असते. मजूर मिळत नाहींत. म्हणून प्रत्येक घरानें या फंदांत पडावें असें मीं म्हणणार नाहीं. ज्या घरीं हात अधिक आहेत, रब्बी ज्वारी आहे, विहिरीस पाणी आहे व रस्ता जवळ आहे, अशा घरांनींच आरंभ करावा. आगटी पेटवून कणसें भाजण्यास व हुरडा चोळून देण्यास मोठें भांडवल लागत नाहीं. सोबत शेंगदाण्याची चटणी, दहीं, गूळ, बोरें. आणि जेवणास भाकरी व अंबाडीची भाजी, एवढी सामग्री पुरे. हें सर्व घरचेंच असतें.

दुसरा आक्षेप असा कीं, गांवचें नांव झालें कीं दलाल येतात, जमिनी जातात, आणि नफा परका घेतो. ही भीति खोटी नाहीं. तिचा उपाय एकच : काम संस्थेच्या हातीं असावें. राज्य सरकारनें सन २०२० मध्यें कृषिपर्यटनाचें धोरण जाहीर केलें आहे. त्यांत वैयक्तिक शेतकऱ्याप्रमाणेंच शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनाहि केंद्राची नोंदणी करितां येते. मग हें काम आपल्या सोसायटीनें कां अंगावर घेऊं नये?

सोसायटीनें काय करावें, तें थोडक्यांत लिहितों. प्रथम, प्रत्येक तालुक्यांतील दोन जाणते सभासद नेमून गांवोगांवच्या बारवा, देवळें, दर्गे, घाणे, जिनिंग, हातकाम व आठवडी बाजार यांची एक यादी करावी. ही यादी पंचनाम्याप्रमाणें समक्ष पाहून करावी, ऐकीव माहितीवर करूं नये. दुसरें, त्यांतून एका दिवसांत होतील अशा तीन वाटा आंखाव्या : पोखर्णी-गंगाखेड-धारासूर ही एक, जिंतूर-नेमगिरी-चारठाणें व पूर्णेवरील येलदरी धरण ही दुसरी, मानवत-पाथरी-मुद्गल ही तिसरी. या वाटांचें एक साधें पत्रक छापून तें रेल्वे स्टेशनावर, बसस्थानकावर, दर्ग्याच्या उरुसांत व विद्यापीठाच्या मेळाव्यांत ठेवावें. तिसरें, उरुसाचे दिवस व हुरड्याचे दिवस एकमेकांस लागून येतात, याचा फायदा घेऊन पहिल्या वर्षीं तीन गांवीं मोजक्या घरांनीं हुरड्याची सोय करून पाहावी. चौथें, त्या घरांपाशींच करडईचें तेल, तुरीची डाळ व ज्वारीचें पीठ बांधून विकावयास ठेवावें. पिशवीवर गांवाचें नांव असावें. शेजारच्या जालन्याच्या दगडी ज्वारीस व वसमतच्या हळदीस सन २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. नांवाला किंमत येते ती अशी.

यास चार नियम असावे. भावाचा फलक उघड लावलेला असावा व भाव सर्वांस एकच असावा. पिण्याचें पाणी व शौचकूप स्वच्छ असावे. यांत कसूर झाली तर बाकीचें सर्व व्यर्थ आहे. जमाखर्चाची वही रोजच्या रोज लिहावी, व स्वयंपाक, दळण आणि चटणी ज्या स्त्रियांच्या हातची, त्यांचा पैसा त्यांच्याच बचतगटाच्या खात्यावर जमा व्हावा. जनाबाईंच्या जिल्ह्यांत तरी दळणाचा मोबदला दळणारीस मिळालाच पाहिजे. आणि चौथा नियम, जुन्या दगडी देवळांस तैलरंग फांसूं नये, सिमेंट थापूं नये. सातशें वर्षें टिकलेलें काम एका वर्गणीच्या हौसेनें नाहींसें होतें, व मग पाहाण्यास खरोखरच कांहीं राहात नाहीं.

सर्वांत अगोदर मात्र आपण स्वतः फिरलें पाहिजे. आपल्यापैकीं कित्येकांनीं तिरुपति पाहिलें आहे, पण चारठाणें पाहिलेलें नाहीं. मुलांची शाळेची सहल दूरच्या शहरीं जाते. वालूरची बारव, विद्यापीठाचें प्रक्षेत्र व मानवतचें जिनिंग त्यांनीं पाहिलेलें नसतें. ज्या मुलास आपल्या जिल्ह्यांत कांहीं दिसलेंच नाहीं, तो दहावी होतांच पुण्याची वाट धरतो, आणि त्यास दोष देण्याचा अधिकार आपणांस राहात नाहीं. शाळांतून एक तरी सहल जिल्ह्यांतच निघावी, एवढा ठराव ग्रामसभांनीं केला तरी मोठें काम होईल.

पैसेवारी प्रथम हंगामी लागते, मग सुधारित व शेवटीं अंतिम. आपल्या जिल्ह्याची जी पैसेवारी आपण लावून बसलों आहों, ती हंगामीच समजावी. सुधारित आंकडा भरण्याचें काम सोसायटीच्या येत्या वार्षिक सभेपुढें ठेवावें, अशी सभासदांस माझी विनंति आहे. इत्यलम्.